फ्रेटलेस बासची फळी: एका जवारीच्या नोंदी

८ फेब्रुवारी २०२५, पुणे

फ्रेट, म्हणजे स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या, काढून फ्रेटलेस करण्यासाठी संग्रहातील कोणता बास गिटार घ्यायचा, याचा निर्णय आज झाला. १९८०च्या दशकाच्या आरंभीचा प्रिसिजन पद्धतीचा जपानी बास मी या कामासाठी विचारातच घेतला नव्हता. त्याचा रंग, फ्रेट, पिकअप (तारेचा कंप विजेत बदलणारे भाग) आणि पॉट (आवाज कमीजास्त करणाऱ्या फिरक्या) हे सारे मूळचे आहे, आणि अशा वाद्यावर एकदा कानस फिरली की ते पूर्ववत होत नाही. जुनी वाद्ये जमवणाऱ्याकडे ती काही काळापुरती ठेव म्हणून आलेली असतात, असे मी मानतो. दुसरा बास पोकळ अंगाचा आणि ३० इंची आखूड स्केलचा, म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीचा, आहे. आखूड तारेवर स्वरांच्या जागा एकमेकींजवळ येतात आणि बोट किंचित सरकले तरी स्वर अधिक ढळतो, म्हणून तोही बाजूला ठेवला.

उरला तो जॅझ पद्धतीचा बास. त्याचे फ्रेट झिजून गेले आहेत, डी आणि जी या तारांखाली खोल खाचा पडल्या आहेत, आणि ते पूर्वीच एकदा घासून समपातळीत आणलेले असल्यामुळे आता पुन्हा घासण्याइतकी उंची त्यांच्यात शिल्लक नाही. नवे फ्रेट बसवणे किंवा सगळे काढून टाकणे, एवढेच दोन मार्ग होते. या वाद्याची मोजमापे लिहून ठेवतो: स्केल ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिमी, नटपाशी (तारा जिथून सुरू होतात त्या वरच्या पट्टीपाशी) नेकची, म्हणजे दांडीची, रुंदी ३८ मिमी, २० फ्रेट, नेक मेपलची, तिच्यावरील फळी शिसवीची आणि फळीच्या आडव्या गोलाईची त्रिज्या साडेनऊ इंच, म्हणजे सुमारे २४१ मिमी.

१५ फेब्रुवारी

फ्रेट काढण्याचा विचार नवा नाही. अमेरिकी वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणला, तेव्हा फ्रेट हाच त्याचा मोठा गुण होता. डबल बास ज्याने कधी हाती धरला नाही, अशा गिटारवादकालाही त्यावर नेमका स्वर लावता येत होता. दहाच वर्षांनी, १९६१ साली, इंग्लंडमध्ये बिल वायमन (पुढे रोलिंग स्टोन्सचे बासवादक) यांनी एका स्वस्त बासचे फ्रेट उपटून काढले. अँपेग कंपनीने १९६६ साली आणि फेंडर कंपनीने १९७० साली मुळातच फ्रेट नसलेले बास विक्रीला आणले. अमेरिकी बासवादक जेको पास्टोरिअस यांनी आपल्या १९६२ सालच्या जॅझ बासवरील फ्रेटच्या मोकळ्या खाचा भरून फळीवर होड्यांसाठी वापरतात त्या इपॉक्सीचा (वाळून कडक होणाऱ्या राळेचा) थर दिला आणि १९७६ सालच्या त्यांच्या पहिल्या एकल ध्वनिमुद्रिकेनंतर हा आवाज जगभर पोहोचला. आपल्याकडे चेन्नईचे बासवादक कीथ पीटर्स यांनी ए. आर. रहमान यांच्या अनेक गाण्यांत फ्रेटलेस वाजवला आहे. मी हा आवाज प्रथम ओळखू लागलो तो त्यांच्या वादनातूनच.

या आवाजात एक विशेष गोष्ट आहे. तार छेडल्यावर स्वर बोथट सुरू होतो आणि क्षणभराने आतून फुलतो. वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर, एकामागून एक उघडत जातात. पाश्चात्त्य वादक या फुलण्याला ‘म्वाह’ असे ध्वन्यनुकारी नाव देतात. मला मात्र प्रत्येक वेळी तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीमुळे येणारा भरलेला गुंजणारा आवाज, आठवते. ही केवळ भावनिक आठवण आहे की दोन्हींमागे एकच कारण आहे, हे काम सुरू करण्यापूर्वी समजून घ्यायचे आहे, कारण त्यावर फळी कशी घडवायची ते ठरणार आहे.

२२ फेब्रुवारी, मिरज

मिरजेत तंतुवाद्ये घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून सुरू झाली आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील एका वयस्कर कारागिरांकडे आज दुपार गेली. त्यांच्यासमोर नवी घोडी लावलेला तंबोरा होता. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला अगदी थोडी, डोळ्यांना जेमतेम जाणवेल एवढी गोलाई असते. तार त्या माथ्यावरून जवळजवळ समांतर निघते, त्यामुळे कंप पावताना ती माथ्याला पुन्हापुन्हा निसटता स्पर्श करते. त्यांनी कानसेचा हलका हात फिरवला, तार ताणली, ऐकले, तार सैल केली, पुन्हा हात फिरवला. शेवटी तारेखाली सुती दोऱ्याचा जीव सारला आणि तो केसभर पुढेमागे करताच बंद आवाज एकदम खुला झाला.

मी बासबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, “घोडी असो नाहीतर तुमची फळी असो, तार सुटते कुठून ते बघा. तिथं खड्डा असंल तर आवाज मरतो, उंचवटा असंल तर तार करकरते.” माझ्या पुढच्या सगळ्या कामाची दिशा या उत्तरात आहे.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्याविषयी लिहिताना हेच दाखवले होते. साध्या तारेला एखाद्या स्वरांशाच्या निस्पंद बिंदूवर (त्या स्वरांशात तार जिथे स्थिर राहते तिथे) छेडले, तर तो स्वरांश निर्माण होऊ नये. तंबोऱ्यात मात्र तो तरीही ऐकू येतो, कारण घोडीवरील स्पर्शामुळे तारेतील शक्ती एका स्वरांशातून दुसऱ्यात जात राहते. फ्रेट असलेल्या बासमध्ये तार धातूच्या अरुंद धारेवरून एकदम सुटते. फ्रेट काढल्यावर ती बोटाच्या पुढच्या फळीवरून अतिशय उथळ कोनात उठते आणि काही अंतरापर्यंत फळीला निसटती लागत राहते. फरक एवढाच की बोटाचा मऊ भाग बरीच शक्ती शोषून घेतो, त्यामुळे बासची आस (स्वराचा टिकाव) तंबोऱ्याइतकी लांबत नाही. फ्रेटलेसच्या बाबतीत पिकअपची निवड, लाकडाची जात आणि तारांची छाप यांवर पुष्कळ चर्चा होते. मला आता वाटते की त्या सगळ्यांपेक्षा फळीच्या पृष्ठभागाची रेषा महत्त्वाची आहे, आणि कामातील बहुतेक श्रम तिथेच खर्च व्हायला हवेत.

१ मार्च

फ्रेट काढले. खिळे उपटण्याच्या जंबुराचे तोंड ग्राइंडरवर सपाट घासून घेतले, म्हणजे त्याची धार फ्रेटच्या मुकुटाखाली शिरू शकते. प्रत्येक फ्रेटवर सोल्डरिंग आयर्न ठेवून तो चांगला तापू दिला. उष्णतेने खाचेतील जुना गोंद मऊ होतो आणि लाकडातील ओलावा सुटून तंतू थोडे सैलावतात. मग एका टोकापासून जंबूर केवळ दाबत आणि सरकवत नेला. तो वर ओढला तर फ्रेटच्या पायाचे काटे शिसवीचे कपचे उचलतात. काही ठिकाणी बारीक कपचे सुटलेच. ते लगेच त्याच जागी पातळ सायनोॲक्रिलेट गोंदाने बसवले, कारण उशीर केला तर कोणता कपचा कुठला ते कळत नाही.

शिसवीच्या रिकाम्या फळीकडे पाहताना मनात आले की १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतील गिटार बनवणारे ब्राझीलच्या शिसवीकडून भारतीय शिसवीकडे वळले, आणि त्यानंतर जगातील असंख्य वाद्यांवर आपल्या दक्षिणेकडील जंगलांतील लाकूड जाऊन बसले. २०१७ साली शिसवीच्या संपूर्ण प्रजातीवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. हे लाकूड आता मुबलक राहिलेले नाही, म्हणून नवी फळी चिकटवण्याऐवजी आहे तीच वाचवणे मला योग्य वाटते.

८ मार्च

खाचा भरल्या. फ्रेट निघाल्यावर नेक फळीच्या बाजूला दुबळी होते, कारण फ्रेटचे पाय पाचरींसारखे खाचांत बसून तारांच्या ओढीला विरोध करत असतात. चार तारांचा एकत्रित ताण ७५ ते ८० किलोच्या घरात असतो. खाचा रिकाम्या ठेवल्या किंवा मऊ पुट्टीने भरल्या, तर त्या ताणाखाली नेक पुढे वाकते आणि नेकमधील बाक सांभाळणाऱ्या धातूच्या दांड्याला, म्हणजे ट्रस रॉडला, नाहक जास्त आवळावे लागते. म्हणून मेपलच्या ०.६ मिमी जाडीच्या व्हिनिअरच्या पट्ट्या प्रत्येक खाचेत तळापर्यंत घट्ट बसतील अशा कापल्या, तंतूंची दिशा खाचेच्या लांबीशी जुळवली, आणि पातळ गोंद केशाकर्षणाने आत ओढला जाऊ दिला.

काळसर शिसवीवर फिकट मेपलच्या रेघा स्पष्ट दिसतात, आणि मला त्या हव्याच आहेत. फ्रेट असताना बोट फ्रेटच्या मागे ठेवतात. आता ते रेघेवरच ठेवावे लागेल.

२२ मार्च

भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून आणलेल्या सागवानाच्या ठोकळ्याला एका सुताराकडून २४१ मिमी त्रिज्येची आतली गोलाई काढून घेतली होती. त्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून फळी घासली. त्याआधी ट्रस रॉड असा लावून घेतला की तारा नसतानाही नेक तंतोतंत सरळ राहील. पेन्सिलीने संपूर्ण फळीवर आडव्यातिडव्या रेघा ओढायच्या, ठोकळा नटपासून शेवटापर्यंत अखंड फिरवायचा आणि रेघा कुठे पुसल्या, कुठे राहिल्या ते पाहायचे, असा क्रम ठेवला. मधल्या भागात, पाचव्या आणि नवव्या रेघेच्या दरम्यान, पेन्सिल बराच वेळ टिकून राहिली. तिथे वर्षानुवर्षांच्या वाजवण्याने फळी खोलगट झाली होती. कारागिरांनी सांगितलेला खड्डा तो हाच.

लांबीच्या दिशेने तपासण्यासाठी ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप वापरला आणि त्याखालून दिव्याचा उजेड पाहिला. १८० आणि ३२० नंबरनंतर उजेडाची रेघ सर्वत्र सारखी झाली.

१२ एप्रिल

फळी उघडी ठेवावी की तिच्यावर इपॉक्सी द्यावे, यावर मी बरेच दिवस विचार केला. उघड्या शिसवीचा आवाज ऊबदार असतो, परंतु राऊंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या) तारांची वेटोळी तिच्यावर कानसेसारखी चालतात, आणि मग इतक्या कष्टाने आणलेली रेषा काही महिन्यांत नाहीशी होते. फ्लॅटवाउंड (सपाट पट्टीने गुंडाळलेल्या) तारांनी फळी वाचते, पण त्यांचे वरचे स्वरांश क्षीण असल्यामुळे ज्या फुलण्यासाठी हा खटाटोप आहे तेच मंदावते. म्हणून इपॉक्सी.

पावसाळ्याआधी हे काम उरकणे आवश्यक होते. दमट हवेत हार्डनरची बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी प्रक्रिया होऊन पृष्ठभागावर मेणासारखा चिकट थर येतो. दुसरीकडे एप्रिलच्या उन्हात अडचण निराळी असते, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की मिश्रण हाताळण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. त्यामुळे पहाटे, खोली थंड असताना, थोडे थोडे मिश्रण करून थर दिले. फळीच्या दोन्ही कडांना मास्किंग टेपचे बांध घातले, मिश्रण प्रथम मध्यरेषेवर ओतले आणि जुन्या प्लॅस्टिक कार्डाने पसरवले. हेअर ड्रायरची ऊब लांबून दिली की बुडबुडे वर येऊन फुटतात. एक थर पुरता न वाळता, बोटाला चिकटेल पण सुटणार नाही अशा अवस्थेत दुसरा दिला, म्हणजे दोन थर एकजीव होतात.

२० एप्रिल

इपॉक्सी नखाने दाबून पाहिले, खूण उमटत नाही. तरीही आणखी आठवडाभर हात लावणार नाही. अर्धवट पिकलेले इपॉक्सी घासले तर नंतर आक्रसते आणि खाचांच्या जागा पृष्ठभागावर उमटून येतात.

३ मे

पुन्हा तोच ठोकळा, तीच पेन्सिल. १८० पासून २००० नंबरपर्यंत, ४०० नंतर पाण्यासह घासले आणि शेवटी पॉलिशिंग कंपाउंडने चकाकी आणली. इपॉक्सीचा उरलेला थर सुमारे ०.८ मिमी आहे. फ्रेटची मूळ उंची १ मिमीच्या जवळपास होती, त्यामुळे तारांची पातळी फारशी बदललेली नाही आणि नेकच्या बुडाशी पाचर घालण्याची गरज उरली नाही. हा इपॉक्सीचा एक फायदा आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही.

नट हाडाचा नवा घडवला. फ्रेटलेसवर मोकळी तारही फळीच्या अगदी जवळून जायला हवी, नाहीतर पहिल्या स्वरांवर बोटाला जास्त दाब द्यावा लागून स्वर चढतो. नटमधील खाचा फळीपासून ०.२५ मिमीवर आणून थांबलो. गॅरेजमध्ये वापरतात त्या फीलर गेजने मोजल्या.

१० मे

वायरिंग. तापकीर गल्लीतून २५० किलोओमचे पॉट आणले. अशा पॉटमध्ये छापील आकड्यापेक्षा २० टक्के फरक सहज निघतो, म्हणून मल्टिमीटरने मोजून, दोन व्हॉल्यूमसाठी एकमेकांशी सर्वांत जवळचे दोन निवडले. टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे तोच ठेवला. आतल्या पोकळ्यांना तांब्याची चिकटपट्टी लावून ती जमिनीच्या तारेला जोडली.

जॅझ पद्धतीच्या बासमध्ये दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले की त्यांची उलटी वेटोळी आणि उलटे चुंबकध्रुव एकमेकांचा गुणगुणाट रद्द करतात. फ्रेटलेसवर मात्र ब्रिजजवळचा (बासच्या घोडीकडचा) पिकअप एकटा वाजवण्याचा मोह होतो, कारण स्वरांचे फुलणे तिथे सर्वांत स्पष्ट पकडले जाते, आणि मग गुणगुणाट परत येतो. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि ई तारेवरील तिसऱ्या रेघेचा जी हा स्वर ४९ हर्ट्झचा आहे. त्या स्वरावर दोन्ही मिळून आवाजाचे हेलकावे ऐकू येतात, आणि फ्रेटलेसवर कान स्वर शोधत असताना ते फसवतात. तांब्याच्या पट्टीमुळे ट्यूबलाइटच्या चोकची भणभण गेली. मूळ ५० हर्ट्झचा गुणगुणाट कमी झाला, पण पूर्ण गेलेला नाही, आणि त्यासाठी नेककडच्या पिकअपचा व्हॉल्यूम अगदी थोडा उघडा ठेवणे हा मला पुरेसा उपाय वाटतो.

१७ मे

इंचाच्या ४५ ते १०५ हजारांश जाडीच्या निकेल राऊंडवाउंड तारा चढवल्या. स्टेनलेस स्टीलच्या तारा अधिक कडक असल्यामुळे इपॉक्सीवर ओरखडे लवकर पडतात, म्हणून टाळल्या.

खरे काम आज होते. प्रथम नेकमधला बाक सातव्या रेघेपाशी ०.३५ मिमी ठेवला, फ्रेटच्या बासवर ठेवतात तसा. आवाज स्वच्छ होता, पण झाकलेला. ट्रस रॉड हळूहळू आवळत, प्रत्येक वेळी तारा पुन्हा सुरात आणून ऐकत गेलो. ०.२ मिमीच्या आसपास जी तारेवर बाराव्या रेघेजवळचे स्वर उघडू लागले आणि डी तारेवरही तेच झाले. त्याहून सरळ केल्यावर ई तारेचे खालचे स्वर करकरू लागले. खर्जाच्या तारेचा कंप मोठा असतो आणि तिला जागा लागते. शेवटी बाक ०.२ मिमीवर ठेवून केवळ ई तारेचे सॅडल (ब्रिजवरील तिचा आधार) किंचित वर घेतले. तंबोऱ्यात प्रत्येक तारेचा जीव वेगळा लावतात, तसे येथे प्रत्येक सॅडल वेगळे लावावे लागते, आणि गेजवरचा आकडा केवळ सुरुवात करून देतो. शेवट कानानेच करावा लागतो.

१४ जून

फ्रेटचे बंधन गेल्यावर स्वर नेमके कुठे आहेत, हे गणिताने आणि कानाने पडताळले. मोकळी तार षड्ज मानली, तर ८६३.६ मिमीच्या स्केलवर शुद्ध गांधाराची समविभागी (सप्तकाचे बारा समान भाग मानणारी) जागा, म्हणजे चौथी रेघ, नटपासून १७८.२ मिमीवर येते. तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा गांधार ५:४ या गुणोत्तराचा असतो आणि त्याची जागा १७२.७ मिमीवर आहे. म्हणजे बोट रेघेच्या साडेपाच मिलिमीटर अलीकडे, नटच्या दिशेला ठेवायला हवे. कोमल गांधाराचे उलटे: तिसरी रेघ १३७.४ मिमीवर, तर ६:५ गुणोत्तराचा स्वर १४३.९ मिमीवर, रेघेच्या साडेसहा मिलिमीटर पलीकडे. पंचमात मात्र फरक एका मिलिमीटरहूनही कमी आहे आणि तो बोटाच्या रुंदीत सामावून जातो.

या आकड्यांमुळे सरावाची पद्धत ठरली. पंचम आणि मध्यम रेघेवर निर्धास्तपणे ठेवायचे. गांधार, धैवत आणि निषाद यांच्या बाबतीत सोबत कोण आहे ते आधी पाहायचे. कीबोर्ड असेल तर रेघ पाळायची, केवळ तंबोरा असेल तर रेघ सोडून स्वर शोधायचा. बासने खालून चुकीचा गांधार धरला तर वरचा गायक कितीही सुरेल असो, तोच बेसूर वाटतो. म्हणून ही काळजी मला बारकाव्याची हौस वाटत नाही, ते साथीदाराचे कर्तव्य वाटते.

२६ जुलै

पावसाची परीक्षा. खोलीतील आर्द्रता एप्रिलमध्ये दुपारी ३० टक्क्यांच्या खाली असे, आता ८० च्या वर आहे. बाक ०.२ वरून ०.३२ मिमीवर गेला आणि आवाज पुन्हा झाकला गेला. आखूड स्केलच्या बासची फळी उघड्या लाकडाची आहे, आणि तिथे उलट घडले: फळी फुगली आणि बाक कमी झाला. या बासवर फळी इपॉक्सीने बंद झाली आहे, तर मागचे मेपल पातळ लेपातून ओलावा घेते. मागची बाजू ताणली गेली की नेक पुढे वाकणारच. ट्रस रॉड अष्टमांश फेरा आवळल्यावर बाक जागेवर आला आणि त्याबरोबर आवाजही. फळीचा पृष्ठभाग मात्र पाइपखाली तसाच सरळ आहे, कुठेही उंचवटा नाही. इपॉक्सीचा निर्णय यासाठीच घेतला होता.

२४ ऑगस्ट

गणेशोत्सवातील अभंगांच्या कार्यक्रमाची तालीम झाली. पखवाज, टाळ, हार्मोनिअम आणि दोन गायक. पखवाजाची खर्जाची डावी बाजू आणि बास एकाच खालच्या पट्ट्यात येत असल्यामुळे मी टोन थोडा बंद करून नेककडचा पिकअप पुढे ठेवला होता. मध्यलयीच्या अभंगात तो बरोबर बसला. विलंबित आरंभी मात्र ब्रिजकडचा पिकअप उघडून षड्जावरून मंद्र पंचमापर्यंत मींड घेतली, तेव्हा ज्येष्ठ गायकांनी हात वर करून तीच जागा पुन्हा मागितली. पुढे हार्मोनिअम थांबून केवळ तंबोरा उरला, त्या ओळीत गांधार रेघेच्या अलीकडे धरला आणि तो तंबोऱ्यात मिसळून गेला.

तारांची चमक आता थोडी उतरली आहे आणि इपॉक्सीवर बाराव्या रेघेजवळ भिंगातून पुसट रेघोट्या दिसतात. २००० नंबरच्या पेपरने त्या सहज जातील, पण उत्सव होईपर्यंत फळीला हात लावायचा नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ट्रस रॉड अष्टमांश फेरा सैल करायचा, बाक पुन्हा ०.२ मिमीवर आहे ना ते पाहायचे, आणि मगच फ्लॅटवाउंड तारांचा एक संच चढवून दोन्हींची तुलना लिहून ठेवायची.